एका तारेत दडलेले सूर

देवगिरीच्या यादवांच्या पदरी तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात एक मोठा हिशेबनीस होता. सिंघण राजाच्या (राज्यकाळ १२१० ते १२४७) दरबारात तो श्रीकरणाधिप होता, म्हणजे जमाखर्च आणि दफ्तर सांभाळणाऱ्यांचा प्रमुख. आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आलेले, वडील सोढल यादवांच्याच सेवेत. या हिशेबनिसाचं नाव शार्ङ्गदेव. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला निघालं की पंधराएक किलोमीटरवर दौलताबादचा जो किल्ला लागतो, त्या राजधानीच्या आश्रयाने त्याने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. पुढची सात-आठशे वर्षं हिंदुस्थानी काय आणि कर्नाटक काय, दोन्हीकडचे पंडित त्याचाच आधार घेत आले.

ग्रंथाचे अध्याय सात. सहावा वाद्यांचा. त्यात या गृहस्थाने वीणांचीही नोंदवही मांडावी तशी मांडणी केली आहे. एकवीस तारांची मत्तकोकिला, नऊ तारांची विपंची, सात तारांची चित्रा, तीन तारांची त्रितंत्री, दोन तारांची नकुल. स्वतःच्या ‘निःशंक’ या बिरुदावरून नाव दिलेली एक निःशंक वीणाही त्यात आहे. हिशेबनीस असला तरी माणूस हौशी दिसतो. पण पहिला मान त्याने दिला तो एका तारेच्या एकतंत्रीला. तिच्या दांड्यात शंभू, तारेत उमा, भोपळ्यात ब्रह्मा, नाभीत सरस्वती, दोरीत वासुकी अशी सगळी दैवतं त्याने तिच्यात बसवली. एकवीस तारा हाताशी असताना एका तारेला एवढा मान का, हे भक्तिभाव बाजूला ठेवूनही समजून घेता येतं. त्यासाठी तार नेमकी कशी वाजते, तिथून सुरुवात करावी लागेल.

समजा, नव्वद सेंटिमीटरची एक तार दोन टोकांना पक्की ताणली आहे आणि छेडल्यावर ती सेकंदाला १३० वेळा हलते. हा आपला षड्ज. डोळ्यांना दिसतं ते एवढंच की अख्खी तार खालीवर होते आहे. प्रत्यक्षात त्याच वेळी ती दोन अर्ध्या भागांतही हलत असते, तीन भागांतही, चार, पाच, सहा भागांतही. दोन भागांतलं हलणं दुप्पट वेगाचं, २६०: तार षड्ज. तीन भागांतलं ३९०: त्याच्या वरचा पंचम. चार भागांतलं ५२०: आणखी वरचा षड्ज. पाच भागांतलं ६५०: शुद्ध गंधार. सहाचं ७८०, पुन्हा पंचम. सातवं ९१०; ते कोमल निषादाच्याही जरा खाली उतरतं, म्हणून सरगमात नीट बसत नाही. आठवं १०४०, पुन्हा षड्ज. गवई यांना स्वयंभू सूर म्हणतात. तानपुरा चांगला जुळला की कुणीही न छेडलेला गंधार ऐकू येतो, तो हाच पाचवा.

म्हणजे सूर तारेत आधीच असतात. वाद्य बनवणाऱ्याचं कसब एवढंच, की त्यातले कुठले बाहेर सोडायचे आणि कुठले दाबायचे. तुणतुणं, चौंडकं, तानपुरा आणि तिकडे व्हिएतनामचं डान बौ हे एका तारेचं वाद्य, या चारींनी या एकाच प्रश्नाला चार वेगळी उत्तरं दिली आहेत.

तुणतुण्यापासून सुरू करू, कारण मराठवाड्यात ते कानांवर पडलं नाही असा माणूस विरळा. लग्नानंतर घरात गोंधळ घालायचा म्हणजे संबळ, झांज, हातात पेटती दिवटी आणि तुणतुणं. गोंधळी हे तुळजाभवानीचे आणि रेणुकेचे उपासक. कदमराई आणि रेणुराई अशी गोंधळ्यांची दोन घराणी सांगतात. पैठणच्या एकनाथांनी गोंधळ आणि जोगवा यांची रूपं घेऊन भारुडं रचली, म्हणजे सोळाव्या शतकातही हा थाट लोकांच्या चांगला ओळखीचा असणार. शाहिराच्या मागे आणि तमाशाच्या फडातही तेच तुणतुणं. झील धरणारे मागे उभे राहतात आणि त्यांच्यातलाच एक ते वाजवत असतो.

त्याची घडण जवळून बघा. वीतभर किंवा त्याहून थोडं मोठं लाकडी नळकांडं, वरून उघडं, खालून कातड्याने मढवलेलं. नळकांड्याच्या अंगाला बाहेरून एक बांबूची दांडी ठोकलेली, तिच्या वरच्या टोकाला खुंटी. तार कातड्याच्या मधोमध पाडलेल्या भोकातून आत घेतात, कातडं फाटू नये म्हणून बाहेरच्या बाजूला तिला एखादं बटण किंवा चकती अडकवून गाठ मारतात, आणि नळकांड्याच्या पोकळीतून वर नेऊन खुंटीला गुंडाळतात. खुंटी पिळली की कातडं आत ओढलं जातं आणि तार ताठ होते. डाव्या हातात नळकांडं आणि दांडी धरायची, उजव्या हातातल्या लाकडी काडीने तार छेडायची. झालं वाद्य.

यात एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. सतार, तानपुरा, व्हायोलिन यांत तार लाकडी पृष्ठभागाला समांतर धावते आणि घोडीवर टेकून तिला हलवते. तुणतुण्यात तार कातड्यावर काटकोनात उभी आहे. आता तार डावीकडे गेली की ती किंचित लांबते, ताण वाढतो, कातडं ओढलं जातं. मधे आली की ताण सुटतो. उजवीकडे गेली की पुन्हा ओढ. म्हणजे तारेच्या एका पूर्ण फेऱ्यात कातड्याला दोनदा हिसका बसतो. तार सेकंदाला १३० वेळा हलली तर कातडं २६० हिसके खातं. त्यामुळे मूळ सुरापेक्षा वरचा षड्ज जास्त ठसठशीत उमटतो. शिवाय कातडं हे हलणं लगेच गिळून टाकतं, सूर रेंगाळत नाही. ‘तुण’ झाला की संपला. सूर आणि ठेका एकाच काडीत मिळतात ते यामुळे. संबळाच्या कडकडाटातही तुणतुणं ऐकू येतं, कारण त्याचा आवाज वरच्या पट्टीत आणि तुटक असतो. गोडव्याच्या बाबतीत ते मार खातं हे खरं. पण भर अंगणात, रात्री दोन वाजता, गोंधळ्याला गोडव्यापेक्षा न हलणारा षड्ज हवा असतो.

तारा आणि त्यांच्या बदलत्या ताणाचं हे गणित चंद्रशेखर व्यंकट रामन यांना तरुणपणीच खुणावत होतं. कलकत्त्यात सरकारी हिशेब खात्यात नोकरी करत असताना, १९०९ साली, त्यांनी एकतारीवर एक लेख प्रसिद्ध केला. देवगिरीचा हिशेबनीस आणि कलकत्त्याचा हिशेबनीस एकाच वाद्यापाशी येऊन थांबले, याची मला गंमत वाटते.

तुणतुण्यात ताण आपोआप बदलतो. चौंडक्यात तो हाताने बदलतात. यल्लम्माच्या जोगत्यांचं हे वाद्य कोल्हापूर, सांगली आणि कर्नाटकाच्या सीमेवर जास्त दिसतं. इथेही कातड्याने मढवलेलं नळकांडं आणि कातड्यातून निघालेली एक तार, पण बांबूची दांडी नाही. नळकांडं डाव्या काखेत दाबायचं, तारेचं दुसरं टोक डाव्या हातात धरायचं आणि उजव्या हाताने छेडायचं. डावा हात पुढे ताणला की सूर चढतो, सैल सोडला की घसरतो. त्यातून निघणारा तो घुमत, वळत जाणारा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. बंगालच्या बाउलांचं खमक हे त्याचं सख्खं भावंड.

ताण आणि सूर यांचं नातं सरळ नाही, हे इथे लक्षात घ्यायला हवं. फ्रेंच धर्मोपदेशक मर्सेन याने सतराव्या शतकात मांडलेला नियम असा, की आवर्तनं ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतात. म्हणजे षड्जावरून शुद्ध ऋषभाला जायचं तर ताण सुमारे २७ टक्क्यांनी वाढवावा लागतो. अख्खं सप्तक चढायचं तर चौपट. चौपट ताणाला तार तुटेल नाहीतर कातडं. म्हणून चौंडकंवाला थोड्याच स्वरांच्या परिघात खेळतो, आणि स्वरांवर थांबण्यापेक्षा एकावरून दुसऱ्यावर घसरण्यात त्याची मजा असते.

आता पुन्हा शार्ङ्गदेवाच्या एकतंत्रीकडे. तिची तार हाताने ताणत नसत. डाव्या हातात बांबूची एक छोटी काडी, तिचं नाव कम्रिका, ती तारेवर दाबून सरकवत नेत. पडदे नाहीत, त्यामुळे दोन स्वरांमधली सगळी जागा मोकळी. पण माझ्या मते त्याच्या वर्णनातली सगळ्यात लाखमोलाची वस्तू आहे ‘जीवा’: तार आणि तिच्याखालची पट्टी यांच्यामध्ये सरकवलेली बांबूची बारीकशी ढलपी. तिने नाद खुलतो. म्हणजे आज तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली जो दोरा सरकवतात, त्याची पूर्वज ती तेराव्या शतकात देवगिरीच्या परिसरात नोंदली गेलेली आहे. वेरूळच्या लेण्यांत सप्तमातृकांच्या पटाशेजारी वीणा घेतलेला शिव बसलेला आहे. दगडात दांडा ओळखू येतो; तारा मात्र मोजता येत नाहीत आणि अशी ढलपी तर दिसायची सोयच नाही. ती कळते ग्रंथातूनच.

दोरा करतो काय? तानपुऱ्याची घोडी वरून सपाट दिसते, पण तिला अगदी हलका उतार असतो. तार हलताना त्या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते. दर फेऱ्यात हे घासटणं होतं आणि वरचे स्वयंभू सूर पुन्हापुन्हा जागे होतात. दोरा मागेपुढे करून तार नेमकी कुठे सुटावी ते ठरवतात. बरोबर जागा सापडली की जवारी, म्हणजे घोडीवरचा हा झंकार, ‘बोलते’. केसभर चुकली की आवाज बंद पडतो. १९२१ साली रामन यांनी यावरही लिहिलं. तोवरचा नियम असा होता, की तार जिथे छेडावी तिथे ज्या स्वयंभू सुराचं स्थिर ठाणं, म्हणजे न हलणारा बिंदू, असेल तो सूर ऐकू येता कामा नये. तानपुरा आणि वीणा हा नियम मोडतात, असं त्यांना आढळलं. कारण सूर छेडण्याच्या जागी नव्हे, घोडीवर पुन्हा तयार होत असतात.

ही जवारी लावणारे हात महाराष्ट्रात शोधायचे तर मिरजेला जावं लागतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तिथल्या शिकलगार घराण्यांनी, मूळ शस्त्रांना धार लावणाऱ्यांनी, तंतुवाद्यांचा धंदा उभा केला. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मराठवाड्यातल्या कीर्तनकारांच्या खांद्यावरची वीणाही याच जातकुळीतली, फक्त आटोपशीर आणि उभी धरायची. पडदे नसतात, एका बोटाने संथ छेडतात. अखंड हरिनाम सप्ताहात ती सात दिवस जमिनीला टेकवत नाहीत. रात्री-अपरात्रीही कुणीतरी पहारेकरी ती गळ्यात घालून उभा असतो, त्याची वेळ संपली की दुसऱ्याच्या गळ्यात देतो. वैजापूर तालुक्यात गोदावरीच्या पात्रातल्या सरला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या परंपरेतला सप्ताह तर लाखोंच्या गर्दीचा. तिथे ध्वनिक्षेपकांच्या गदारोळात वीणेचा आवाज कितीजणांपर्यंत पोचतो हा प्रश्नच आहे, पण ती थांबवत नाहीत.

तानपुरा आणि वीणा मिळून काय करतात? तारेतले सगळे स्वयंभू सूर एकदम मोकळे सोडतात आणि गाणाऱ्याला त्यांच्यात उभं करतात. धून वाजवणं हे त्यांचं काम नव्हे.

डान बौने नेमकी उलटी वाट धरली. एकेक स्वयंभू सूर निवडून वेगळा काढायचा आणि त्यांचीच धून गुंफायची. मीटरभर लांबीची अरुंद लाकडी पेटी. पूर्वी तिच्या जागी जाड बांबूचं नळकांडं असे. डाव्या टोकाला पेटीतून वर आलेली एक लवचिक काठी, बांबूची किंवा म्हशीच्या शिंगाची. काठीच्या बुडाशी छोटा भोपळा बसवलेला. तिथून निघालेली एकच तार तिरकी उतरत उजव्या टोकाला जाते. तार पूर्वी रेशमाची, आता पोलादाची. पडदे नाहीत, दाबायला पट्टीही नाही. तार हवेत मोकळी.

उजव्या हाताच्या अंगठा-तर्जनीत बांबूची बारीक काडी. त्याच हाताची करंगळीकडची कड तारेवर एका ठिकाणी नुसती टेकवायची, दाबायची नाही. टेकवताक्षणी काडीने छेडायचं आणि लगेच हात उचलायचा. दोरीवरच्या उड्यांची लांब दोरी फिरत असताना तिच्या मधोमध कुणी बोट धरलं, तर दोरी दोन लहान कमानींत फिरू लागेल. तसंच इथे होतं. मधोमध टेकवल्याने अख्ख्या तारेचं हलणं मरतं, कारण त्याला मध्यबिंदू हलायलाच हवा. पण दोन भागांतल्या हलण्यात मध्यबिंदू मुळातच स्थिर असतो, त्याला स्पर्शाने काही फरक पडत नाही. ते जगतं. चार आणि सहा भागांतलंही जगतं, पण कानाला मुख्य लागतो तो तार षड्ज.

आपल्या नव्वद सेंटिमीटरच्या तारेवर मोजायचं तर उजव्या टोकापासून ४५ सेंटिमीटरवर तार षड्ज, ३० वर पंचम, साडेबावीसवर षड्ज, १८ वर गंधार, १५ वर पंचम आणि सव्वाअकरावर सगळ्यात वरचा षड्ज. व्हिएतनामी वादक मुख्यतः याच सहा जागा वापरतात. सातवा भाग सहसा सोडून देतात. तो बेसूर का लागतो ते वर आलंच आहे.

सहा जागा, आणि स्वर मिळाले फक्त तीन: सा, ग, प. एवढ्यात गाणं व्हायचं नाही. म्हणून ती काठी. डाव्या हाताने ती उजवीकडे, तारेच्या बाजूला झुकवली की ताण उतरतो आणि सूर खाली येतो. बाहेर खेचली की चढतो. हे आपलं चौंडकंच झालं. फरक इतका, की स्वयंभू सुरांनी आधीच उंच-नीच टप्पे बांधून दिलेले असल्यामुळे काठीला फक्त मधली अंतरं भरून काढायची असतात. गंधारावरून मध्यमाला जायला ताण जेमतेम १४ टक्के वाढवला की पुरे. छेडून झाल्यावरही सूर तीन-चार सेकंद टिकतो, तेवढ्यात काठी हलवून मींड, कंप, खटका, सगळं करता येतं. व्हिएतनामी भाषेत शब्दाचा अर्थ त्याच्या उच्चारातल्या चढउतारावर ठरतो. या वाद्याचा सूर सतत वळत राहतो, त्यामुळे गाणाऱ्याच्या पाठोपाठ ते बोलल्यासारखं चालतं.

उत्तर व्हिएतनामात बाजारांत आणि रस्त्यांवर गाऊन पोट भरणाऱ्या आंधळ्या गायकांच्या हातात ते दीर्घकाळ होतं. आवाज इतका नाजूक, की दोन हात लांबच्या माणसाला कान द्यावा लागे. विसाव्या शतकात पेटीत विजेचा पिकअप बसला आणि ते थेट मोठ्या रंगमंचावर गेलं. भोपळा आता बहुधा शोभेपुरता उरला आहे. तरुण मुलींनी या वाद्याच्या नादी लागू नये, असं बजावणारी एक म्हणही तिकडे आहे. वाजवणाऱ्याच्या मोहात पडतील म्हणून. व्हिएतनाममध्ये सोळा तारांचं डान त्रान्ह आहे, गोल पोटाचं दोन तारांचं डान न्गुयेत आहे, गजाने वाजणारं डान न्ही आहे, ‘का त्रू’ गायनाच्या साथीचं लांब दांडीचं तीन तारांचं डान डाय आहे. युनेस्कोने २००९ साली का त्रूला तातडीने जपण्याच्या यादीत घेतलं. पण यातलं बहुतेक घराणं चीनच्या वाद्यांशी नातं सांगतं. डान बौ मात्र व्हिएतनामी लोक खास आपलं मानतात. कंबोडियात गेलं की भोपळा छातीला टेकवून वाजवायची एका तारेची क्से डिएव भेटते, आणि ती पाहिली की शार्ङ्गदेवाने वर्णिलेली आलापिनी वीणा आठवल्यावाचून राहत नाही. तिचाही भोपळा छातीशीच असे.

हे सगळं घरी तपासून बघायला व्हिएतनामचं वाद्य लागत नाही. तानपुरा असेल तर उत्तम, शेजारच्या मुलाची गिटार असली तरी चालेल. गिटारवर तारेच्या बरोबर मध्यावर, म्हणजे बाराव्या पडद्याच्या थेट वर, बोटाची कड टेकवा, छेडा, लगेच उचला: घंटेसारखा तार षड्ज. सातव्या पडद्यावर तिसरा भाग येतो, तिथे पंचम. पाचव्यावर चौथा भाग, पुन्हा षड्ज. चौथ्याच्या किंचित अलीकडे, खुंट्यांच्या बाजूला, पाचवा भाग सापडतो आणि गंधार लागतो; तो गिटारच्या नेहमीच्या गंधारापेक्षा जरासा उतरलेला असेल. कान तयार असेल तर हा फरक चटकन कळतो. तानपुऱ्यावर करताना दोरा आधी काढून घ्या, नाहीतर जवारी सगळेच सूर वर आणते आणि निवडलेला वेगळा ऐकू येत नाही.

तुणतुण्यावर मात्र हा प्रयोग फसतो. त्याची तार तोकडी, त्यात खालचं टोक कातड्यात अडकलेलं. कातडं स्वतःच हलत असल्यामुळे ते टोक स्थिर राहत नाही आणि भागांच्या जागा सरकतात. वरचे सूर उमटले तरी कातडं ते क्षणात गिळतं. तरीही करायचंच असेल तर दांडी दुप्पट लांबीची आणि पातळ बांबूची घ्यावी लागेल, तार बारीक पोलादी, आणि कातड्याऐवजी पातळ लाकडी फळी. एवढं केलं की गोंधळात त्याचा काही उपयोग उरणार नाही. संबळाच्या पहिल्याच थापेला ते बुडून जाईल.